चाचांचं पत्र्याचं कॅबिनेट

चाचा, आज अमरावतीच्या आमच्या दुकानात कॉम्प्युटरचं एक नवं कॅबिनेट आलं. समोर आणि एका बाजूला अख्खी काच, आत रंग बदलणारे तीन दिवे, आणि खोक्यावर नाव असं की एखाद्या लढाऊ विमानाला शोभावं. दुकानातली पोरं गुळाला मुंग्या लागाव्यात तशी भोवती जमली. एका संस्थेला खेड्यांमधल्या शाळांसाठी चाळीस कॉम्प्युटर हवे आहेत, आणि ते कुठल्या कॅबिनेटमध्ये बसवायचे हे मी सांगायचं आहे. माझं आता हेच काम. डबा उघडायचा, आतली मांडणी पाहायची, त्यात मशीन बसवून तापवायचं आणि एक पानभर लिहून द्यायचं, की हे चालेल किंवा चालणार नाही. मी काच काढली, डोळे मिटले आणि हात आत घातला. पोरं हसली. त्यांना वाटतं मॅडम देवाचं नाव घेतात. हात खालून वर नेताना पहिल्याच वळणावर पत्र्याची कड करंगळीला लागली, रक्त आलं, आणि मला तुमची इतकी आठवण आली की मी बोट तोंडात धरून आतल्या खोलीत जाऊन बसले.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण जे बोलायचं होतं ते सोडून बाकी सगळं. तुम्ही स्वतःच्या हाताने वाकवलेल्या त्या एका कॅबिनेटबद्दल मी जो कागद लिहिला होता, तो चुकीचा होता. तुमचं कॅबिनेट चांगलं होतं. माझी चाचणी खोटी होती. हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं, आणि तुम्ही असताना मी सांगितलं नाही.

मी तेव्हा एकवीस वर्षांची. मूर्तिजापूरहून सकाळच्या पॅसेंजरने अकोल्याला यायचे. आमची जमीन काळी, चांगली, पण लागोपाठ दोन वर्षं कापसाने पाठ फिरवली होती आणि बाबांनी माझं पुढचं शिक्षण आणि माझं लग्न ही दोन्ही एकाच वाक्यात पुढे ढकलली होती. हार्डवेअरचा कोर्स तेवढा झालेला. शेठनी मला दुकानात ठेवलं ते माझ्या सर्टिफिकेटमुळे, आणि ते सर्टिफिकेट काउंटरमागे टांगलं ते गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून. काम शिकवायला मात्र तुम्ही. बाळापूरचे, पत्र्याच्या पेट्या आणि कूलर करणारे, पांढऱ्या दाढीचे, शाळेत चौथीपर्यंत गेलेले. तुम्ही कॉम्प्युटरच्या दुकानात कसे, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "कापूस बसला का लग्नं बसतात बेटा," तुम्ही म्हणालात, "आन् लग्नं बसली का पेटी कोन घेते? कूलर होते, तं आता पलास्टिकचे आले. मंग शेठ म्हने, चाचा, डब्बे ठोकून द्या. आता डब्बा तं डब्बा. याच्यात लुगडं ठेवा नाई तं कंपूटर ठेवा." शेठनी तुम्हाला ट्रकमधून चेपून आलेली कॅबिनेटं सरळ करायला आणलं होतं. सरळ करता करता तुम्ही आत काय काय कुठे बसतं ते बघून ठेवलंत, आणि वर्षभरात दुकानातल्या कुणाहीपेक्षा चांगलं मशीन जोडू लागलात. शेठना हे कळायला आणखी एक वर्ष लागलं.

पहिल्या आठवड्यात मी एक मशीन एकटीने जोडलं. त्या वेळच्या वायरी म्हणजे हाताएवढ्या रुंद पट्ट्या. मी त्या सगळ्या एका कोपऱ्यात कोंबल्या, झाकण दाबून स्क्रू पिळले, बटण दाबलं, मशीन चालू. मी अभिमानाने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही झाकण परत उघडलंत.

"हे काय वं पोरी?"

"चालू झालं ना चाचा."

"चालू तं गधंही होते, दोन फटके देल्ले का. पाव्हने आले म्हनून पसारा पलंगाखाली ढकलते ना बाया, तसं केलं तू. इथून वारं जाईन कसं?"

मी रडवेली झाले. खरं सांगायचं तर मला रागच आला होता; चौथी शिकलेला माणूस मला शिकवतो आहे, असं वाटलं. तुम्ही तो राग पाहिलात आणि तिकडे लक्षच दिलं नाहीत. "डोये मीट," म्हणालात. "हात घाल. पुढून घाल आन् मागून काढ. जिथं तुया हात कचरते, तिथं वारं बी कचरते." मी डोळे मिटून हात घातला. तो खाली हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला अडला, तिथून सुटला तो पट्ट्यांच्या गुंत्यात गेला, आणि पॉवरच्या डब्याखाली पोचला तेव्हा मनगट वाकडं झालं होतं. त्या दुपारी तुम्ही मला पट्ट्या उभ्या घडी घालून सुती दोऱ्याने बांधायला शिकवल्यात. आज त्याला मोठमोठी नावं आहेत, त्याचे व्हिडिओ निघतात, आणि त्यात सांगतात ते सगळं तुम्ही एका वाक्यात सांगून मोकळे झाला होतात.

अकोल्यात मशीन दोन गोष्टींनी मरायची, उन्हाने आणि रुईने. जिनिंग कारखान्यांतून, कापसाच्या वजनकाट्यावरून कॉम्प्युटर यायचे, ते उघडले की आत पांढरी गादी. पंखा फिरायचा तो त्या गादीतच. "याच्यात एक उशी निंगन," तुम्ही म्हणायचात, आणि एकदा खरंच सात मशीनमधली रुई काढून तुम्ही ती पिशवीत भरून ठेवलीत. पंख्याखालच्या पातळ पात्यांमध्ये अडकलेला तंतू ब्रशने निघत नाही म्हणून तुम्ही मला मोडक्या छत्रीच्या काडीचा एक आकडा करून दिला होतात, टोक इतकं घासून गोल केलेलं की डोळ्यात गेलं तरी लागू नये. तो माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवून दिलात आणि चहा सांगायला बाहेर गेलात. माझ्या आयुष्यात मला पुढे बऱ्याच भेटी मिळाल्या, साड्या मिळाल्या, भिंतीवरची घड्याळं मिळाली. त्या कुठे गेल्या मला माहीत नाही. आकडा आजही कामाला येतो.

त्याच हिवाळ्यात तुम्ही स्वतःचं कॅबिनेट करायला घेतलंत. काट्यावरचा कॉम्प्युटर भर हंगामात बंद पडला की कापसाच्या गाड्यांची रांग तिथेच उभी राहायची. एकदा आपण दोघं तसं मशीन दुरुस्त करायला गेलो होतो आणि तुम्ही त्या रांगेकडे बराच वेळ पाहत होतात. परत येताना रिक्षात म्हणालात, "बेटा, हे डब्बे इथल्यासाठी बनेलच नाई. थंड्या मुलखातले हाय हे." मग रोज दुपारी जेवण झालं की तुम्ही मागच्या बोळात कूलरचा उरलेला पत्रा घेऊन बसायचात. फेब्रुवारीत ते तयार झालं. मी त्यात पहिल्यांदा हात घातला तो दिवस मला आत्ताही दिसतो आहे. मी डोळे मिटले आहेत, तुम्ही बाजूला उकिडवे बसला आहात, आणि माझा हात पुढून आत जातो तो कुठेच थांबत नाही. हार्डडिस्कचा पिंजरा तुम्ही आडवा फिरवून वाटेतून काढला आहे. प्रत्येक कड पेटीच्या कडेसारखी दुमडून आत घेतली आहे. बोट फिरवलं तर साडीच्या काठासारखं लागतं. पॉवरचा डबा एका पडद्यामागे वेगळा, त्याची गरमी त्याच्यापाशी. आणि समोर, वारा आत यायच्या जागी, खाली सरकणारी एक चौकट, तिच्यावर मलमल ताणलेली. रुई अडकली की चौकट ओढायची, नळाखाली धरायची, झटकून परत लावायची. "हे तं घरची बाई बी करीन," तुम्ही म्हणालात. त्या कॅबिनेटला रंग नव्हता, एका बाजूला कूलर कंपनीच्या नावाची अर्धी अक्षरं उलटी दिसत होती, आणि ते मी आजवर पाहिलेलं सगळ्यात शहाणं कॅबिनेट होतं.

मे महिन्यात काट्यांसाठी बऱ्याच कॉम्प्युटरची मोठी मागणी आली. शेठ म्हणाले, तयार कॅबिनेट एकीकडे ठेवा, चाचांचं एकीकडे ठेवा, सारखं मशीन बसवा, दोन तास तापवा आणि लिहून द्या. ज्याचं थंड राहील त्याला काम. तुमचं ठरलं तर बाळापूरचं तुमचं दुकान पुन्हा उघडणार होतं, तुमचा बसून असलेला भाऊ आणि दोन कारागीर कामाला लागणार होते. तुम्ही हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या आठवड्यात तुम्ही दाढीला मेंदी लावून आलात, तेव्हा मला कळलं.

"तुया सर्टिफिकेट हाय ना? तं तूच लिव," तुम्ही मला म्हणालात. "आन् मी काई इथं बसत नाई. मी बसलो तं तू माया तोंडाकडे पाहशीन."

नवतपा चालू होता, मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस. अकोल्याचा नवतपा ज्याने काढला नाही त्याला समजावून सांगता येत नाही. दाराची कडी फडक्याने धरावी लागते. त्या दिवशी गाडी बोरगावला तासभर थांबून राहिली होती आणि मी उभ्याने आले होते. दुकानात शिरले ती भिंत धरून. तुम्ही मला स्टुलावर बसवलंत, गुळाचं पन्हं पाजलंत, "ऊन लागलं तुले, चेहरा पाह्य कसा झाला," असं पुटपुटत खिडकीतला कूलर दोन्ही हातांनी उचलून तिरका केलात आणि त्याचं तोंड माझ्याकडे वळवलंत. मग टोपी चढवून नमाजाला गेलात.

आता मांडणी सांगते, कारण चूक तिथेच आहे. मॉनिटरची वायर आखूड, म्हणून तयार कॅबिनेट माझ्या स्टुलाला लागून टेबलावर. तुमचं कॅबिनेट कपाटाच्या आडोशाला, कोपऱ्यात. कूलरचा वारा माझ्या पाठीवरून सरळ तयार कॅबिनेटच्या तोंडात जात होता. तुमच्याकडे वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. अकोल्याच्या माणसाला मे महिन्यात कूलर दिसत नाही चाचा, तो भिंतीचाच भाग असतो. दर पावतासाला मी मागच्या भोकातून थर्मामीटर घालून आकडा लिहीत गेले. दोन तासांनी तयार कॅबिनेट सहा अंशांनी थंड निघालं. मी स्वच्छ अक्षरात इंग्रजीत लिहिलं, की तयार कॅबिनेटची आतली मांडणी अधिक योग्य आहे.

तुम्ही परत आलात. इंग्रजी तुम्हाला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. तुम्ही दोन्ही डब्यांकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, मग कूलरसमोर जाऊन उभे राहिलात आणि तळहात वाऱ्यात धरलात. पंचवीस वर्षं कूलर करणारा माणूस. तुम्हाला त्या क्षणी कळलं असणारच.

"सही केली का?" तुम्ही विचारलंत.

"नाई अजून."

"मंग कर. लिवलं ते लिवलं."

मी सही केली. तुम्ही मागे गेलात, बादली भरून आणलीत आणि कूलरमध्ये ओतलीत, मला संध्याकाळपर्यंत गार वारा लागावा म्हणून. तुम्ही का बोलला नाहीत हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारते आहे. बोलला असतात तर कूलरचं तोंड कुणीकडे होतं हे सांगावं लागलं असतं, आणि मग मी शेठसमोर तोंडावर पडले असते. मला दुसरं कारण सापडत नाही.

ही चूक मला चार दिवसांनी परतीच्या गाडीत उमजली. समोरची म्हातारी खिडकी लावून घेत होती आणि पलीकडचा माणूस तिच्याशी वाऱ्यावरून भांडत होता, आणि मी एकदम ताठ बसले. पण तोवर तयार कॅबिनेटची मागणी गेली होती. शेठना काय सांगू, या भीतीने मी गप्प बसले. ताकास तूर लागू दिली नाही. पुढे चार महिन्यांनी शेठनी अमरावतीला दुसरं दुकान काढलं आणि मला तिथे पाठवलं, कारण म्हणे माझा कागद फार चांगला होता. निघताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "लोकायचं ऐकजो, पन हात घातल्याबिगर बोलू नोको," म्हणालात. तुमचं कॅबिनेट तुम्ही सायकलला बांधून घरी नेलंत, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

तुम्ही गेल्यावर चाळीस दिवसांच्या आत मी बाळापूरला आले होते. ठरवूनच आले होते की निदान चाचींना सगळं सांगायचं. त्यांनी मला स्वयंपाकघरातच बसवलं. आणि चुलीपासून हातभर दूर, ओट्याखाली, तुमचं कॅबिनेट होतं. चाचींनी समोरची मलमलची चौकट खाली सरकवली आणि आतून दुधाचं पातेलं काढलं. मदरबोर्डच्या जागी तुम्ही दोन फळ्या बसवून दिल्या होत्या. वरच्या फळीवर रोट्या, खालच्या फळीवर दूध.

"दूध नहीं फटता इसमें," चाची म्हणाल्या. "मई के महिने में भी नहीं. मांजर भी नहीं घुसती. फ्रीज लेंगे बोल के लडका पीछे लगेला है, मैं बोली काहे को?"

त्या दुधाचा चहा चाचींनी केला, तो मी प्याले. दुधाला कसला वास नव्हता. माझ्या चाचणीचा निकाल त्या पातेल्यात होता, आणि मी चाचींना फक्त एवढंच म्हणाले, की चाचांचा हात फार चांगला होता. त्या रडल्या, मीही रडले, आणि शेवटची बस धरून परत आले.

आता माझ्या चाचणीच्या खोलीत कूलर चालत नाही, पंखा चालत नाही, खिडकी उघडत नाही. दोन तास घामाने निथळत बसावं लागतं. पोरं त्या खोलीला मॅडमचा नवतपा म्हणतात आणि माझी बदली व्हावी म्हणून नवस बोलतात. आजचं ते काचेचं कॅबिनेट तिथे पाऊण तासात इतकं तापलं की मशीन आपणहून बंद झालं. समोर सगळी काच, वारा येणार कुठून? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी लिहून दिलं, चालणार नाही. विकणाऱ्याचा फोन आला, तो म्हणाला, मॅडम, मुलांना दिवे आवडतात. मी म्हटलं, मुलांना आवडतात तर दिवाळीत या.

हा कागद मी कुठे पाठवणार नाही. बाळापूरचा पत्ता माझ्याकडे आहे, चाची अजून आहेत, त्यांचा मुलगा त्यांना वाचून दाखवेल. पण त्या ऐकून घेतील आणि म्हणतील, जाने दे बेटी. ते मला ऐकायचं नाही.

आणि एक राहिलं. वर लिहिलं आहे की चूक मला चार दिवसांनी गाडीत उमजली. इतकी वर्षं मी स्वतःलाही तसंच सांगत आले. ते खरं नाही. दुसऱ्या पावतासाचा आकडा लिहितानाच मला कळलं होतं. माझी पाठ गार पडली होती, कुडत्याचा घाम वाळला होता, आणि तयार कॅबिनेटवर ठेवलेला कागद उडत होता, तुमच्या कॅबिनेटवरचा हलतही नव्हता. उठून कूलर बंद करायला चार पावलं होती. अमरावतीचं तेव्हा कुणी नावही काढलं नव्हतं, त्यामुळे नोकरीसाठी केलं असंही म्हणता येत नाही. घरी रात्र रात्र वीज नसायची, गाडीत बसायला जागा नसायची, आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कुणीतरी वारा माझ्याकडे वळवून दिला होता. वारं बरं लागून राहिलं होतं चाचा, म्हणून मी उठली नाही.